शुद्धिपत्राचा अर्ज : आपेगावच्या चार भावंडांचे प्रकरण

पैठणला गोदावरीच्या नागघाटावर रेड्याची दगडी मूर्ती आहे. बाहेरगावाहून आलेला माणूस तिच्यापुढे हात जोडतो, सोबतच्या लेकराला रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची गोष्ट सांगतो आणि एकनाथांच्या वाड्याकडे चालू लागतो. ती चार मुले, म्हणजे ज्ञानदेव आणि त्यांची तीन भावंडे, पैठणला कशासाठी आली होती, हा प्रश्न त्या मूर्तीसमोर फारसा कुणी विचारत नाही. त्यांना चमत्कार दाखवायचा नव्हता, एक कागद हवा होता. आम्ही शुद्ध आहोत, आमची मुंज होऊ शकते आणि आम्हाला पंगतीत बसता येते, एवढे लिहून देणारा तो कागद होता. या लेखात त्या अर्जाचे प्रकरण मांडायचे आहे. घर कसे होते, ते गावाबाहेर कसे पडले, आत चार मुले कशी वाढली, त्यांनी काय मागितले, त्यांना काय मिळाले आणि त्यांच्या अलौकिक सामर्थ्याचा त्या मिळण्याशी नेमका काय संबंध होता, हे त्यात येईल.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. या प्रकरणाची माहिती तीन थरांतून येते. पहिला थर भावंडांच्या स्वतःच्या रचनांचा. दुसरा नामदेवांच्या नावावरील आदी आणि समाधी या अभंग-प्रकरणांचा. नामदेव या भावंडांचे समकालीन आणि परंपरेने मराठवाड्यातल्याच नरसीचे. तिसरा थर पुढच्या चरित्रकारांचा, ज्यांत अठराव्या शतकातल्या महिपतींचा वाटा सर्वांत मोठा आहे. रेडा, भिंत आणि पाठीवर भाजलेले मांडे दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात येतात. पहिल्या थरात, म्हणजे ज्ञानदेवांच्या स्वतःच्या ग्रंथात, रेडाही नाही आणि पैठणची सभाही नाही. म्हणून पुढे ‘झाले’ असे जिथे लिहिले आहे, तिथे वाचकांनी ‘झाले असे परंपरा सांगते’ असे समजावे. दर ओळीला तसे लिहीत बसलो तर लेख वाचणे अवघड होईल.

घराची पार्श्वभूमी

आपेगाव पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. तिथले कुलकर्णीपण या घराकडे होते. मुलांचे पणजोबा त्र्यंबकपंत यांना गोरक्षनाथांचा, तर आजोबा गोविंदपंत आणि आजी निराई यांना गहिनीनाथांचा अनुग्रह होता, असे परंपरा मानते. चरित्रकार हा तपशील वंशाचा मोठेपणा सांगण्यासाठी देतात आणि पुढे जातात. मला मात्र प्रकरणाची किल्ली इथेच दिसते, कारण या घराला दोन दारे होती. पुढचे दार वतनाचे, वेदाचे, श्राद्धपक्षाचे आणि मुंजीचे. मागचे दार नाथपंथाचे, ज्याला जानवे लागत नाही. पुढचे दार बंद झाले तेव्हा मागच्या दाराची कडी कुठे आहे, हे घरात आधीपासून माहीत होते.

गोविंदपंतांचे चिरंजीव विठ्ठलपंत तीर्थयात्रा करीत आळंदीला आले. तिथले कुलकर्णी सिधोपंत यांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. विठ्ठलपंतांचे मन मात्र संसारात नव्हते. ते काशीला गेले आणि आपण विवाहित असल्याचे न सांगता त्यांनी रामानंदांकडून संन्यास घेतला. पुढे हेच गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीला उतरले असता, पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका स्त्रीने त्यांना नमस्कार केला. त्यांनी ‘पुत्रवती भव’ असा आशीर्वाद दिला आणि तिचा नवरा कुठे आहे हे त्यानंतर उमगले. गुरूंनी काशीला परतून शिष्याला घरी जाण्याची आज्ञा केली. विठ्ठलपंतांनी ती पाळली.

अपराध नेमका कोणता, हे आजच्या वाचकाला सहज कळत नाही. नवरा परत आला, एवढेच तर झाले होते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र संन्यास म्हणजे जिवंतपणीचा मृत्यू. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो, शेंडी-जानवे उतरवतो आणि त्याचा कुळाशी, धनाशी व अग्नीशी संबंध संपतो. असा माणूस पुन्हा गृहस्थ झाला तर तो आरूढपतित, म्हणजे वर चढून खाली पडलेला. आरूढपतिताला प्रायश्चित्तच नाही, असे कडक मत होते. मग त्याची मुले कोण? शास्त्राच्या लेखी मेलेल्या माणसाला झालेली मुले. ‘संन्याशाची पोरे’ ही शिवी या मुलांना आयुष्यभर चिकटली. तिच्यात नुसता तिरस्कार नव्हता, एक कायदेशीर विधान होते. ही मुले कुठल्याच वर्णाच्या वहीत नोंदवता येत नव्हती.

आणि वही त्या काळात नेमकी तपासली जात होती. देवगिरीवर रामचंद्र यादवाचे राज्य होते. त्याचा मंत्री हेमाद्री याने व्रते, दाने, श्राद्धे आणि त्यांचे काल यांचा प्रचंड संग्रह संस्कृतात सिद्ध केला होता. वर्षातल्या जवळजवळ प्रत्येक दिवसाला काही ना काही विधी नेमून देणारा तो ग्रंथ आहे. पैठणची ब्रह्मसभा, म्हणजे विद्वान ब्राह्मणांची सभा, दक्षिणेत प्रमाण मानली जाई. महानुभावांच्या परंपरेनुसार चक्रधरस्वामींवरही त्याच सुमारास पैठणलाच सभा बसली. तेव्हा विठ्ठलपंतांना दुष्ट शेजारी भेटले एवढ्यावर हा विषय आटोपता येत नाही. नियम बारकाईने लिहिले जात होते अशा वेळी, आणि ते लावणाऱ्या अधिकारपीठापासून चार कोसांच्या आतल्या घराण्यात हा प्रसंग घडला.

वाळीत पडलेले घर

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कथाकीर्तनात एका वाक्यात सांगून होते. प्रत्यक्षात त्याचे अनेक तुकडे असतात. रोटीबेटी व्यवहार बंद. पुरोहित घरात येत नाही, म्हणून मुलाचे जातकर्मही होत नाही आणि मुंजही होत नाही. मुंज नाही म्हणून अध्ययन नाही, अध्ययन नाही म्हणून उपजीविका नाही. भिक्षा मागायला गेले तर दारे लावली जातात. मुलांना खेळायला सवंगडी नसतात, कारण दुसऱ्यांच्या मुलांना ताकीद असते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध जो कायदा केला, त्यात धार्मिक विधी करू न देणे, लग्नसंबंध रोखणे, सेवा नाकारणे असे वाळीत टाकण्याचे प्रकार एकेक करून नोंदवले आहेत, आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ती यादी वाचताना आळंदीतल्या या घराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या घरात चार मुले जन्मली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. जन्मस्थान आपेगाव की आळंदी यावर दोन्ही गावांचा दावा आहे, आणि मराठवाड्यातला माणूस म्हणून माझे मत कुठे झुकते हे सांगण्याची गरज नाही. जन्मशकांचीही दोन गणिते आहेत. एका गणिताने शके ११९५, ११९७, ११९९ आणि १२०१, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७९. जनाबाईंच्या नावावरील अभंगाप्रमाणे शके ११९०, ११९३, ११९६ आणि ११९९. पंडितांचा हा वाद कोरडा वाटतो, पण अर्जाच्या प्रकरणात त्याला फार महत्त्व आहे. ते पुढे येईल.

घराची शिस्त कशी असेल याचा अंदाज बांधता येतो. विठ्ठलपंत स्वतः संन्यास घेतलेले आणि मोडलेले गृहस्थ होते. अशा माणसाच्या घरी ढिलाई असत नाही. बाहेरचे जग ज्या आचाराबद्दल बोट दाखवते, तो आचार त्या घरात इतरांपेक्षा कडकच पाळला जातो, कारण चुकीला जागाच नसते. शिकवायला दुसरे कुणी येणार नव्हते, म्हणून वडीलच शिकवत. ज्ञानेश्वरीत गीतेपलीकडच्या शास्त्रांची, योगाची आणि काव्याची जी समज दिसते, ती पाठशाळेत मिळालेली नाही. ती घराच्या चार भिंतींत, दार बंद असताना मिळाली. वाळीत टाकणाऱ्यांना अभिप्रेत नसलेला हा परिणाम होता. मुलांना एकमेकांशिवाय दुसरे कुणी नव्हते, तेव्हा प्रत्येक भावंड दुसऱ्याचा सवंगडी, श्रोता आणि परीक्षक झाले.

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला असताना अंधारात वाघ समोर आला आणि कुटुंबाची पांगापांग झाली. थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ भेटले आणि त्यांनी त्याला नाथपंथाची दीक्षा दिली. आजोबांचे गुरूच नातवाला भेटले, असा हा योग. मागचे दार इथे उघडले. परत आल्यावर निवृत्तीने ती दीक्षा ज्ञानदेवाला दिली. दोन-तीन वर्षांनीच मोठा असलेला भाऊ गुरू झाला. भावंडांमधला हा संबंध आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातले नवल आता जाणवत नाही. ज्याच्याशी काल भांडलो, ज्याच्या ताटातले उचलून खाल्ले, त्याच्या पायांवर डोके ठेवायचे, आणि नुसते विधीपुरते नव्हे तर आयुष्यभर, ग्रंथातल्या अनेक अध्यायांच्या आरंभी त्याला वंदन करीत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी गुरुपरंपरा देतात. हीच त्यांनी स्वतःची म्हणून नोंदवलेली वंशावळ आहे.

आईवडिलांचा मृत्यू

विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदाकडे प्रायश्चित्त विचारले. उत्तर मिळाले देहान्त प्रायश्चित्ताचे. पतिपत्नींनी मुलांना मागे ठेवून जलसमाधी घेतली, काहींच्या मते प्रयागला, काहींच्या मते इंद्रायणीत. यामागची अपेक्षा स्पष्ट आहे. आपण संपलो की दोष संपेल आणि मुलांची मुंज होईल. चरित्रग्रंथ हा प्रसंग दोन-चार ओळींत संपवतात आणि चमत्कारांकडे वळतात. या साऱ्या प्रकरणात खरी मृत्यूची शिक्षा ही एकच आहे आणि ती अंमलात आली, हे त्यामुळे नजरेआड होते. तिचा उपयोगही झाला नाही. आईवडील गेल्यावरही मुलांची मुंज कुणी लावली नाही. पैठणहून शुद्धिपत्र आणा, असे सांगण्यात आले.

पैठणला जायचे की नाही

नामदेवांच्या आदीत या टप्प्यावर तिघा भावांचा एक संवाद आहे. मला तो सगळ्या चमत्कारांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तिघांची मते तीन आहेत. निवृत्तीनाथांना अर्जच नको होता. आपण जातिकुळापलीकडचे अविनाशी स्वरूप आहोत, आपल्याला शुद्धी कोण देणार आणि कशाची, असा त्यांचा पवित्रा. ज्याला मागच्या दाराने सर्व मिळाले आहे, त्याला पुढच्या दारावर थाप मारण्यात अर्थ वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. सोपानदेवांचे म्हणणे भक्तीच्या बाजूचे. व्यास-वसिष्ठांसारखे ऋषी आणि पांडवांसारखे कृष्णाचे लाडके यांच्या जन्मकथा काय शुद्ध होत्या? देवाने कुळ पाहिले नाही. ज्ञानदेवांनी मात्र आग्रह धरला की शास्त्राने सांगितलेला मार्ग सोडू नये, आपण सोडला तर लोकही सोडतील, म्हणून पैठणला गेलेच पाहिजे.

पुढे बंडखोर म्हणून ज्याची ख्याती झाली, तोच या घरातला नियम पाळणारा होता. गीतेचे ज्ञान मराठीत आणणाऱ्याला आधी रीतसर परवानगी हवी होती. हा विरोधाभास आहे असे मला वाटत नाही. वाळीत वाढलेल्या मुलांत दोन प्रकार नेहमी दिसतात. एक म्हणतो, तुमची पंगत मला नकोच. दुसरा म्हणतो, मला तुमच्या पंगतीत बसवून दाखवा, मग मी सांगेन तिच्यात काय खोट आहे. निवृत्ती पहिल्या प्रकारचे, ज्ञानदेव दुसऱ्या. मुक्ताबाईंचे मत या संवादात नाही. मुलीला मुंज नसते, म्हणून अर्ज तिच्यासाठी नव्हताच. तरी ती पैठणपर्यंत चालत गेली.

आता जन्मशकांकडे यावे. ब्राह्मण मुलाची मुंज आठव्या वर्षी करावी आणि फार तर सोळाव्यापर्यंत लांबवावी. त्यानंतर तो व्रात्य, म्हणजे संस्काराबाहेर पडलेला, ठरतो, अशी शास्त्राची मर्यादा. शुद्धिपत्राचे वर्ष परंपरेने शके १२०९, म्हणजे इ. स. १२८७ सांगितले जाते. पहिले गणित धरले तर त्या वर्षी निवृत्ती चौदा, ज्ञानदेव बारा, सोपान दहा आणि मुक्ता आठ वर्षांची. थोरल्यासाठी दोन वर्षे उरलेली. जनाबाईंचे गणित धरले तर निवृत्ती एकोणीस, म्हणजे मुदत केव्हाच गेलेली, आणि ज्ञानदेव बरोबर सोळाच्या उंबरठ्यावर. मग निवृत्ती अर्जाला उदास आणि ज्ञानदेव अधीर, याला तत्त्वज्ञानाबरोबर दिनदर्शिकेचेही कारण मिळते. हे माझे अनुमान आहे, यापेक्षा अधिक नाही. पण मुले काय मागत होती आणि किती घाईत होती, हे कुठलेही गणित धरले तरी दिसते.

सभा, रेडा आणि निकाल

पैठणच्या सभेने मुलांचे म्हणणे ऐकले, ग्रंथ पाहिले आणि सांगितले की अशा जन्माला शास्त्रात प्रायश्चित्त आढळत नाही. एका परंपरेप्रमाणे सभेने त्यांना भागवतातला मार्ग दाखवला. अनन्य भक्ती करावी आणि कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव अशा सर्वांना देव समजून दंडवत घालावा. विद्वानांनी तो सुटकेचा शेवटचा उपाय म्हणून सांगितला असावा. भावंडांना तो आनंदाने मान्य झाला. मग कुणीतरी नावांवरून चेष्टा काढली. ज्ञानदेव म्हणे! तो पखाल वाहणारा रेडा येतोय ना, त्याचेही नाव ज्ञानाच. ज्ञानदेव उत्तरले की त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला, तर वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. तरीही कुणी म्हणाले, मग याच्याकडून वेद म्हणवून घे. ज्ञानदेवांनी हात ठेवला आणि रेडा ऋचा म्हणू लागला.

कथेची रचना नीट पाहिली तर तिचा क्रम चमत्काराकडून सभेकडे जात नाही, सभेकडून चमत्काराकडे जातो. सर्व प्राण्यांत देव पाहा, हे सभेचेच वचन होते. मुलाने ते शब्दशः घेतले, एवढेच. आणि वेद कुणी म्हणायचे हाच अर्जाचा विषय होता. ज्याला मुंजीअभावी वेदाचा अधिकार नाकारला, त्याने तो अधिकार स्वतःसाठी हिसकावून घेतला नाही. आपल्याही खाली ज्याला मोजले जाते, जो पाणी वाहतो आणि मार खातो, त्याच्या मुखात तो घातला. या प्रकरणातले बहुतेक सगळे चमत्कार असेच आहेत. जिथे एखादी साधी, रोजची गोष्ट नाकारली गेली, नेमक्या तिथेच ते उगवतात. कुंभाराचे खापर नाकारले तिथे, पुढे येईल तसे, पाठ तापते. पितरांचे श्राद्ध लावायला ब्राह्मण मिळेना, तिथे पितर स्वतः येऊन जेवतात. ही मुले आकाशात उडत नाहीत, सोने करीत नाहीत, शत्रूला भस्म करीत नाहीत. त्यांची सिद्धी त्यांच्या घराच्या अडचणींच्या आकाराची आहे.

पुढे काय झाले हे लोक सहसा विसरतात. रेडा बोलला, पैठण थक्क झाले, विद्वानांनी नमस्कार केला, शुद्धिपत्र दिले, आणि त्या शुद्धिपत्राचा आशय असा की या भावंडांनी ब्रह्मचर्याने राहावे, वंश वाढवू नये. हे पत्र बोपदेव पंडितांच्या नावाने सांगितले जाते आणि त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे. पण परंपरेने हाच निकाल जपला, हे महत्त्वाचे. चमत्कार पुरावा म्हणून मान्य झाला, तरी निकाल बदलला नाही. पंक्तीत घेण्याऐवजी पंक्तीच्या वर बसवले, आणि वर बसवलेल्याला पंक्तीत जेवता येत नाही. हे चौघे देवत्वाला पोहोचलेले आहेत, असे मान्य करून त्यांची सामान्य माणूस होण्याची मागणी फेटाळली गेली. एखाद्याला नाकारण्याचा याहून आदरयुक्त मार्ग मला माहीत नाही.

नेवासे

परतीच्या वाटेवर भावंडे प्रवरेकाठी नेवाशाला थांबली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये तिथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ थोरल्या भावाच्या आज्ञेवरून धाकट्याने सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. ग्रंथाच्या अखेरीस राजा म्हणून रामचंद्र यादवाचा गौरवाने उल्लेख आहे. पैठणच्या सभेविषयी मात्र एक कडू शब्द नाही. पसायदानातही खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले आहे. ‘खळ’ हा शब्द लिहिताना त्यांना कोण आठवले असेल, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवावे. ज्या पैठणने अर्ज परत पाठवला, त्याच पैठणच्या एकनाथांनी पुढे शके १५०६ मध्ये या ग्रंथाचे पाठ शुद्ध केले. त्यामुळे शुद्धीचा पैठणी कागद अखेर मिळाला, पण पोथीला.

मांडे, ताटी आणि भिंत

आळंदीला परतल्यावरही जाच संपला नव्हता. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले, तेव्हा मुक्ताबाई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. विसोबा नावाच्या विरोधकाने तिला ते मिळू दिले नाही. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि बहिणीने तिच्यावर मांडे भाजले. हे पाहून पालटलेला विसोबा उष्ट्यासाठी धावला, तेव्हा मुक्ताबाईने त्याला ‘खेचरा, दूर हो’ म्हणून झिडकारले आणि तेच त्याचे नाव पडले. हेच विसोबा खेचर पुढे मराठवाड्यातल्या औंढा नागनाथला, पिंडीवर पाय ठेवून, नामदेवांचे गुरू झाले. एका खापरावरून झालेल्या भांडणाचा धागा असा हिंगोलीपर्यंत येतो.

पण या घराविषयी सर्वांत जास्त सांगणारा प्रसंग चमत्काराविना आहे. भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कुणीतरी अपमान केला. ते परतले, झोपडीची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ज्याने रेड्याला वाचा दिली, त्याला त्या दिवशी कुणाशी बोलायचे नव्हते. घराचे दार आजवर बाहेरचे लोक बंद करीत आले होते. या वेळी पहिल्यांदा आतून कडी लागली. बाहेर उभी राहून मुक्ताबाईने जे म्हटले, ते ताटीचे अभंग. ‘विश्व रागें झाले वन्हि, संती सुखे व्हावे पाणी’ आणि दर अभंगाच्या शेवटी ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. त्यात ती भावाला सिद्धीची आठवण करून देत नाही. तू एवढा मोठा, असा थाट तुला शोभतो का, असेही केवळ म्हणत नाही. लोकांचा अपराध सोसतो तोच योगी, असे ती आपल्याहून मोठ्या भावाला, जो साऱ्यांचा गुरू मानला जातो त्याला, ऐकवते. घरात थोरला दीक्षा देतो, मधला ग्रंथ सांगतो आणि मधला चुकला की धाकटी त्याला दुरुस्त करते. वाळीत पडलेल्या घराने उभी केलेली ही व्यवस्था होती, आणि माझ्या मते या चौघांच्या अलौकिक सामर्थ्याचा खरा आकार हाच आहे. दार उघडले गेले.

चांगदेवांची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून तिच्यातला एकच तपशील घेतो. चौदाशे वर्षे जगलेल्या त्या योग्याला या मुलांना पत्र लिहायचे होते. ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने मोठी, ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने लहान. मायना सुचेना, म्हणून त्याने कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. निवृत्तीनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. मग चांगदेव वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आले आणि ही भावंडे बसली होती ती भिंतच त्यांना सामोरी चालत गेली. माझे लक्ष भिंतीपेक्षा कागदाकडे जाते. या मुलांच्या आयुष्यात दोन कागद आले. एकावर त्यांना काय म्हणायचे ते पैठणच्या पंडितांनी लिहिले. दुसरा, काय म्हणावे ते न कळल्याने, कोरा राहिला. त्यांच्या जागेचे वर्णन दुसऱ्या कागदाने अधिक अचूक केले.

शेवटचे आठ महिने

चौघांपैकी कुणाचे लग्न झाले नाही. निकालातली अट पाळली गेली. १२९६ च्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि ज्या राज्यात ती वही लिहिली गेली होती, त्या राज्याचा पाया हलला. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. महिनाभरात सोपानदेव सासवडला गेले. पुढच्या वैशाखात तापीकाठी विजांचा कडकडाट झाला आणि मुक्ताबाई त्यात नाहीशी झाली.

ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी निवृत्तीनाथांचा जो शोक नामदेवांनी वर्णिला आहे, त्यात ब्रह्मज्ञान नाही. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावे, पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ व्हावे, असे ते म्हणतात. आपण अविनाशी आहोत, आपल्याला कसली शुद्धी, असे पैठणला निघण्यापूर्वी म्हणणारे हेच निवृत्तीनाथ. मुक्ताबाईनंतर ते एकटे त्र्यंबकेश्वरला गेले आणि शके १२१९ च्या ज्येष्ठात त्यांनी तिथे देह ठेवला. लहानपणी वाघाच्या भीतीने आईवडिलांपासून आणि भावंडांपासून चुकून ते ज्या डोंगरात शिरले होते, तो ब्रह्मगिरी तिथून समोर दिसतो.